नाडगौडा प्रमेयातली चूक

निवृत्त प्राध्यापक हेमांगी नाडगौडा चाळीस पानांचं टिपण घेऊन संशोधन-नोंदणी कार्यालयात आल्या. तरुणपणी त्यांनी बीजगणितात सिद्ध केलेल्या प्रमेयाचा संदर्भ आजवर नव्वद हजार शोधनिबंधांत आला होता. त्याच प्रमेयात त्यांना एक चूक सापडली होती आणि ती सुधारण्यात सहा वर्षं गेली होती.

"हे ताबडतोब छापा. एवढ्या लोकांचं काम माझ्या चुकीवर उभं आहे."

कारकून शिरोडकरने पडद्यावर पाहिलं. "मॅडम, ती चूक यंत्रांनी अकरा वर्षांपूर्वीच दुरुस्त केली आहे. चार सेकंदांत."

"मग मला कळवलं का नाही?"

"आता निबंध यंत्रंच लिहितात आणि यंत्रंच वाचतात. लेखकाला कळवायची पद्धत राहिली नाही."

हेमांगीबाई खुर्चीत बसल्या. "माणसांपैकी कुणीच वाचत नाही का माझं काम?"

त्याने बराच वेळ शोधलं. "गेल्या वीस वर्षांत एकच वाचक दिसतो. श्रीनिवास नाडगौडा. त्यांनी तुमचा निबंध सदतीस वेळा उघडलाय. शेवटचं सात वर्षांपूर्वी."

"ते माझे यजमान. त्याच वर्षी गेले," हेमांगीबाई म्हणाल्या. "त्यांना बीजगणितातलं अक्षरही कळत नव्हतं."