शेजारचा रिकामा चौकोन

“वहिनी, त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसू नकोस,” असं माझी नणंद पहिल्याच तपासणीला म्हणाली होती. मी ते हसण्यावारी नेलं.

दवाखान्यात किडनीच्या तपासणीचं गणित तीच करते. बाळाला टोचलेलं औषध किडनीत कसं भरतं आणि कसं ओसरतं, त्याची चित्रं कॅमेरा वीस मिनिटं घेत राहतो; औषध असेल तिथे चित्रात उजेड दिसतो. नणंद किडनीभोवती रेघ ओढते, बाळाशेजारी टेबलाच्या रिकाम्या भागावर एक चौकोन आखते आणि चौकोनातला उजेड किडनीच्या उजेडातून वजा करते. उरतो तो किडनीचा खरा आलेख. त्या एका आलेखाने माझ्या बाळाचं ऑपरेशन टळलं. मी तिचे हात धरून रडले.

“पुरे गं! नुसती आकडेमोड केली, किडनी नाही घडवली.”

पण मी चौकोन पाहिलाच. तिथेही काहीतरी भरत होतं, ओसरत होतं. अगदी बाळासारखंच, फक्त तीन मिनिटं मागे. दुसऱ्या तपासणीत दीड मिनिट मागे.

आज किडनीचा आणि चौकोनाचा, दोन्ही आलेख एकदमच वर चढले. तपासणी संपल्यावर नणंदेने निगुतीने तीनदा चौकोन हलवून पाहिला. तिचा हात कधी चुकत नाही. तिन्ही वेळा वजाबाकीत शून्य उरलं.

“बाळ कुठंय?” तिने विचारलं.

“हे काय, माझ्या कडेवर!”

ती माझ्या कडेकडे बघतच राहिली.

घरी आल्या आल्या बाळाला पाळण्यात ठेवलं. आतून हसण्याचा आवाज येतोय. मला काही उठवत नाही. तुम्ही जरा बघून येता का, पाळण्यात एकच आहे ना?