भरलेली जखम

‘उशी अजिबात द्यायची नाही. कितीही रडली तरी,’ सिस्टरने हॉस्पिटलमधून घरी सोडताना बजावलं होतं. ‘खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. हनुवटी वर राहिली पाहिजे.’ कीर्ती हो म्हणाली. घरी प्राजू रडायला लागली तेव्हा मात्र तिने स्वतःचीच मऊ उशी लेकीच्या डोक्याखाली सरकवली. एवढं पोळलेलं लेकरू. उशीने असं काय होणार होतं?

आता जखम भरली होती. चहा सांडला होता तिथे, हनुवटीपासून छातीपर्यंत, लालसर चकचकीत कातडी आली होती. खाज सुटायची, कीर्ती खोबरेल लावायची. तेवढंच उरलंय, असं तिला वाटत होतं. म्हणून तर ती प्राजूला घेऊन नरपडला आली होती, नवऱ्याच्या काकांच्या, अण्णांच्या वाडीत.

चिकूची तोडणी चालू होती. अण्णांनी जाळीची लांब काठी उंच धरली.

‘प्राजू, तो बघ शेंड्यावर. पोपटाने कोरलेला.’

‘कुठेय?’

‘अगं वर. आणखी वर.’

पाच वर्षांच्या प्राजूने नुसते डोळे वर फिरवले. मग गुडघ्यांत वाकून ती मागे झुकली, तोल जाऊन बसली. शेवटी पाचोळ्यावर सरळ उताणी पडली आणि बोट दाखवून म्हणाली, ‘दिसला.’

अण्णा हसले. ‘घ्या, राणीसरकारांनी इथंच पलंग टाकला. हुशार आहे हो तुझी पोरगी.’

कीर्तीही हसायला गेली आणि थांबली. काल ग्लासातलं शेवटचं पाणी पिताना प्राजू अशीच कमरेतून मागे झुकली होती. तेव्हा वाटलं, खेळतेय.

तिने लेकीला उठवून समोर उभं केलं. ‘प्राजू, नुसती मान वर कर. पोट पुढे नाही काढायचं. फक्त मान.’

‘नाही होत.’

कीर्तीने दोन बोटं हनुवटीखाली धरून हलकेच उचलून पाहिलं. हनुवटी उचलली गेली नाही. खालचा ओठ तेवढा खाली ओढला गेला आणि दातांची ओळ उघडी पडली. गळ्यावर कातडीची एक वळी दोरीसारखी ताठ उभी राहिली.

‘सोड ना आई. ओढतंय.’

‘अण्णा, हिची मान आखडलीये.’

‘जखम भरली ना? मग झालं. लहान पोरं ती, होईल मोकळी हळूहळू.’

कीर्तीने तिथूनच वॉर्डात फोन लावला. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘उशी दिली होती?’

‘हो. रडत होती म्हणून.’

‘जखम भरली की कातडी आवळायला लागते, ताई. आजच घेऊन या. पट्टा लागेल, मानेचे व्यायाम लागतील. रडेल, तरी करायचेच. ऑपरेशनचं डॉक्टर बघून सांगतील.’

अण्णा रिक्षा बघायला फाटकाकडे गेले. कीर्ती प्राजूच्या सँडलचा बंद लावत होती. तो नीट बसत नव्हता. आणि एकदम तिला पुतळी आठवली.

पुतळी सायवन गावची. वॉर्डात शेजारच्याच खाटेवर तिची बारकी होती, उकळत्या पेजेने गळ्याशी भाजलेली. सिस्टर बजावून गेल्यावर पुतळी हळूच कीर्तीकडे आली होती. ‘ताई, तू शिकलेली. उशी दिली तर चालंल ना?’

‘दे गं,’ कीर्ती म्हणाली होती. ‘एवढ्याने काही होत नाही.’

तिने पुतळीचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. फाटकाशी रिक्षा येऊन थांबली. प्राजूला मांडीवर घेऊन बसतानाही ती नंबर लावतच होती.

सायवनकडे जाणारं कुणी असेल, तर पुतळीचं घर विचारा. जखम भरली, पोर बरी झाली, असं ती सांगेल. तेवढ्यावर परत फिरू नका. बारकीला अंगणात बोलवा आणि डोक्यावरून जाणारा एखादा बगळा दाखवा. ती कशी बघते, तेवढं बघून या.