उकंडाभाऊंचा अंदाज

"भाव पडीन म्हणता?" उकंडाभाऊंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"पडेल कसला, गडगडेल," नागपूरचा दलाल पलीकडून म्हणाला. "गुजरातेत नवा कारखाना सुरू झालाय. क्लोरीनला जोरात गिऱ्हाईक आहे. सोमवारी बघाच भाव."

भाऊंना याहून जास्त सांगायची गरज नव्हती. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढला की सोबत कॉस्टिक सोडा निघतोच, जुळ्या भावासारखा. एकाची मागणी वाढली की दुसरा नको तेवढा होऊन बसतो आणि मातीमोल होतो.

पुसदच्या बाजारात भाऊंचं कॉस्टिकचं दुकान जुनं. साबण बनवणारे लांबलांबून यायचे. माल घ्यायला यायचे तसे 'भाऊ, आता घेऊ का थांबू?' एवढंच विचारायलाही यायचे. भाऊ 'थांबा' म्हणाले की लोक थांबत. आजवर कोणाला खोटा अंदाज सांगितला नाही, हे भाऊ स्वतःच चारचौघांत सांगत, आणि ते खरंही होतं.

पण आज गोदाम छतापर्यंत भरलेलं होतं. उन्हाळ्यात चढता भाव पाहून त्यांनीच ते भरून ठेवलं होतं. त्यात आता हवा ओली. कॉस्टिकला ओल लागली की पोत्यातच त्याचा दगड होतो. सोमवारच्या आत माल निघाला नाही तर वर्षाची कमाई पाण्यात जाणार होती.

भाऊंच्या बायकोनं, मथुराबाईंनी मागच्या घरातून चहा आणला. "दिपालीचा फोन आलता. आयतवारी महागावले बोलावलं हाये. काहीतरी दाखवायचं म्हणे."

"मले बोलावलं का एकट्या तुले?"

"दोघायले. राग गेला असंन तिचा."

भाऊंचा चेहरा उजळला. दिवाळीत लेकीनं दुकानातून फिनाईल नेलं आणि हळूच गल्ल्यात पैसे टाकले. भाऊंनी ते तिच्या पिशवीत परत कोंबले. 'लेकीचे पैसे घ्यायले मी अजून मेलो नाही!' असं काहीतरी बोलूनही गेले. पोरगीही बापाचीच. 'मंग मी तुमच्या दुकानाची पायरीच चढत नाही,' म्हणाली आणि खरंच चढली नाही. सासरी बचत गटाचे पापड लाटत बसली.

चहा संपतो न संपतो तोच दारात एक टेम्पो थांबला. आतून मध्यम वयाचा, शांतसा माणूस उतरला.

"मी धर्मपाल. टेम्पो चालवतो. कॉस्टिक पाहिजे होतं."

"कुठल्या फॅक्टरीले?"

"फॅक्टरी नाही. बाया हायेत, साबण बनवणार हायेत. नवीनच काम हाये त्यायचं. मले म्हणल्या, अगोदर भाऊले इचार. आता घ्यावं का थांबावं?"

'थांबा' हा शब्द भाऊंच्या जिभेवर आलाच होता. त्यांनी मान वळवून गोदामाकडे पाहिलं.

"घेऊन टाका," ते म्हणाले. "भाव चढीन."

"पक्कं?"

"मी खोटं सांगतलं असा एक माणूस आणा शोधून. आज हाये हा भाव, पुढच्या आठवड्यात नाव नका काढू."

धर्मपाल मान डोलवत बाहेर गेला. टेम्पोला टेकून फोनवर बराच वेळ बोलला. भाऊ काट्यावर धूळ नसताना कपडा मारत राहिले.

"चार पोती न्यायले आलतो," धर्मपाल परत येऊन म्हणाला. "पण भाऊ सांगतात तर सगळंच उचल म्हणे."

"सगळं?"

"सगळं. तुमच्या नावावर लय भरोसा हाये तिकडं."

भाऊंना थोडी लाज वाटली, पण खूप बरंही वाटलं. आपलं नाव किती लांब पोचलंय! संध्याकाळपर्यंत टेम्पोनं खेपा केल्या, पैसे जागच्या जागी मिळाले, गोदामाची फरशी दिसायला लागली. भाऊंनी हमालांसाठी आलुबोंडे मागवले.

"सोमवारी भाव पडणार होता ना?" मथुराबाईंनी हळूच विचारलं. "नव्या बायायच्या गळ्यात घातलं होय?"

"कोणाच्या तरी गळ्यात जाणारच होतं. आपलं काय जाते?"

मथुराबाई कप उचलून आत गेल्या. भाऊंना त्या रात्री गाढ झोप लागली.

रविवारी दोघं महागावला उतरले. भाऊंनी जावयाला शर्टपीस घेतलं होतं, लेकीला साडी. गोदाम रिकामं, लेकीचा राग गेलेला. माणसाला आणखी काय पाहिजे? दिपाली धावत आली, पाया पडली आणि हसतच राहिली.

"बाबा, आधी मागं चाला. नारळ तुमच्याच हातानं फोडायचा हाये."

"कायचा नारळ?"

"पापड बंद केले आम्ही. दुसरं काम धरलं. तुम्हाले सांगतलं असतं तर तुम्ही पैसे घेतले नसते, म्हणून धर्मपालदादाले पाठवलं."

घरामागच्या नव्या टिनाच्या शेडमध्ये गटातल्या बाया नव्या साड्या नेसून उभ्या होत्या. त्यांच्यामागे भाऊंच्या गोदामातली पोती आढ्यापर्यंत रचलेली होती.

"ह्या भेत होत्या, चारच पोती घेऊ म्हणत होत्या," दिपाली त्यांचा हात धरून अभिमानानं म्हणाली. "मी म्हणलं, सगळ्यायनं आपापली बचत काढा अन् सगळा माल उचला. भाव चढीन हे माह्या बाबानं सांगतलं हाये!"