शेजारचं टेबल

मृदुलाचा कुत्रा बंड्या दवाखान्यातल्या टेबलावर पाय झाडत होता, तोंडाला फेस आला होता. "कसलं विष ते कळल्याशिवाय नेमका उपाय करता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

मृदुलानं सोसायटीचे सेक्रेटरी टिपणीस यांना फोन लावून स्पीकरवर टाकला. भटक्या कुत्र्यांचा कायमचा बंदोबस्त करतो, असं ते मीटिंगमध्ये छातीठोकपणे म्हणाले होते. टाळ्याही पडल्या होत्या.

"वहिनी, आम्ही काहीएक टाकलेलं नाही," टिपणीस ऑफिसातून गोडपणे म्हणाले. "कुत्र्याची जात, दिसेल ते खाणार. पट्टा आखूड ठेवायचा."

मृदुलाच्या मस्तकात तिडीक गेली. आवाज मात्र तिनं साखरेत घोळवला. "खरंय, भाऊ. तुमच्या लाडक्या कुत्रीनं, प्रिन्सेसनंही तेच खाल्लंय. शेजारच्या टेबलावर आहे."

टिपणीस किंचाळले, "कीटकनाशक! शेतात फवारतात ते! चिकनमध्ये घातलं होतं! डॉक्टरांना सांगा लवकर!"

डॉक्टरांनी इंजेक्शन भरलंसुद्धा.

"वहिनी, वाचेल ना हो माझी पोर?"

"प्रिन्सेस तुमच्या सोफ्यावर घोरत असेल," मृदुला म्हणाली. "इथे बंड्या आहे, मी आहे, आणि तुमचं बोलणं ऐकलेले डॉक्टर आहेत."