रिकाम्या खुर्चीचे ठोके

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडच्या विद्यापीठातली प्रयोगशाळा ओस पडली होती. हृदयाच्या ठोक्यांवर संशोधन करणारी आरती तेवढी रोज यायची. मुखेडच्या घरी वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं.

ठोके टिपणारं यंत्र सुरू केलं की आधी तुलनेसाठी रिकाम्या खुर्चीचा आवाज नोंदवायचा, ही तिथली रीत. हेडफोन लावला की त्या आवाजात तिला ठोके ऐकू येऊ लागले. तिनं कुणाला सांगितलं नाही. त्यांची सोबत वाटायची. ती निघू लागली की ते वाढायचे. "येते उद्या" म्हटलं की शांत व्हायचे.

आज शिपाई सटवाजीमामा दारात आले. "म्याडम, कुणासंगं बोलून राहिल्या?"

"कुणी नाही, मामा. काम संपलं. उद्यापासून येणार नाही."

हेडफोनमधले ठोके थांबले.

जिन्यात तिनं छातीवर हात ठेवला. दोन्ही बाजूंना ठोके लागत होते. डावीकडचं हृदय तिचं होतं. उजवीकडचं, सोबत मिळाल्यासारखं, हळूहळू शांत होत होतं.