पेरभर खाली

रुक्माबाई गेल्यावर ओस पडलेल्या परसात किशनरावांनी पहिल्यांदाच हात घातला. तिनं राखेत जपलेलं दोडक्याचं बी त्यांनी मातीत टोकलं. सकाळी पाहतात तर सगळं बी वर, धुऊन ठेवल्यासारखं.

"वीतभर खोल घातलं, तरी उंदरानं उकरलं," ते म्हणाले.

"उंदरानं खाल्लं असतं, काका," कुंपणापलीकडून शेजारची साधना म्हणाली. "अन् एवढं खोल काहून? काकू बोटाच्या पेरभर खाली घालायच्या."

त्यांनी एक बी पेरभर दाबून माती सारखी केली. डोळ्यांदेखत ती हलली आणि बी हळूच वर आलं.

त्यांनी ते पुन्हा खाली ढकललं. खालून कुणीतरी त्यांचं बोट अलगद धरलं.

"जमलं का, काका?"

"व्हय," किशनराव म्हणाले. बोट त्यांनी काढलं नाही.