मोनिकाला आलेला गुण

जेवताना शेजारच्याच्या चावण्याचा आवाज कानावर पडला की मोनिकाची छाती धडधडायची. विद्यापीठात ती याच त्रासावर संशोधन करत होती. आपण बेतलेला सराव आधी स्वतःवर करून पाहावा, म्हणून कानातले बोळे काढून ती रोज सासूबाई मनकर्णाबाईंच्या शेजारी जेवायला बसू लागली. हळूहळू धडधड थांबली.

"आई, गुण आला! आता रुग्णांनाही हेच सांगते."

"बरं झालं गं बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्या फार वाळल्या म्हणून मोनिकानं त्यांना औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात नेलं. केसपेपर काढून ती दाराशी आली, तेव्हा डॉक्टर विचारत होते, "आजी, भूक लागत नाही का?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "लागती की. पर चावलं की सूनबाईला लई तरास व्हतो. म्हून भाकर वरणात भिजवून, गिळवंल तेवढीच गिळती."